अडकलेला तेलपंप : जोरापेक्षा हिकमत बरी

गुजरातेत मेहसाण्याच्या बाजूला गेले की शेतांमधून वर-खाली मान हलवणारी लोखंडी यंत्रे दिसतात. ही जमिनीतून तेल उपसतात. खरा पंप मात्र शेकडो मीटर खोल नळीत असतो आणि पोलादी सळया एकीला एक जोडून वरच्या यंत्राशी बांधलेला असतो. वाळू, मेण किंवा क्षार साचला की तो जाम होतो. विहीर बंद म्हणजे उत्पन्न बंद. मग मालकाची घाई सुरू होते आणि घाईत माणसे जायबंदी होतात.

आम्ही कापडाच्या धंद्यातले. आमच्याकडे ताणलेला धागा तुटला तर गाठ मारून काम चालते. पोलादाचे तसे नाही. पाऊण इंच जाडीच्या, एक किलोमीटर लांब सळयांवर त्यांच्या वजनाखेरीज ६ टनांची ओढ दिली, तर त्या सुमारे १ मीटर ताणल्या जातात. अशा वेळी सळई तुटली तर सगळा ताण एका क्षणात सुटतो. जवळ उभ्या असलेल्या माणसाची जानही जाऊ शकते.

म्हणून जाणते कारागीर आधी मोटर बंद करतात, वीज तोडून कुलूप लावतात, ब्रेक लावून यंत्र साखळीने बांधतात. विहिरीतला दाब आवरतात, वायू तपासतात. मग पंप कशाने अडकला ते शोधतात. मेणाला गरम तेल, चुन्याच्या क्षाराला हायड्रोक्लोरिक ॲसिड, वाळू असेल तर द्रव फिरवून धुणे. ॲसिडने कधी कधी हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो. वास थांबला म्हणजे वायू गेला असे समजू नये. जास्त झाला की तो नाकाची शक्तीच मारतो.

ओढ द्यायची ती वजनकाट्यावर नजर ठेवून, थोडी थोडी, ठरलेल्या मर्यादेच्या आत. सळया जुन्या, गंजलेल्या असतील तर मर्यादा आणखी खाली. त्या वेळी विहिरीच्या तोंडाशी कोणी उभे राहू नये. तरीही पंप सुटला नाही तर सळया आणि नळी मिळून बाहेर काढावी लागते. ते खर्चाचे आहे, पण माणूस गमावण्यापेक्षा स्वस्त आहे.

कोकणातले आपले अनेक बांधव आखाती देशांत तेलाच्या कामावर गेले आहेत. कोणी अशा कामाचा ठेका घेणार असेल, तर त्याने दर ठरवण्याआधी ओढीची मर्यादा लेखी मागून घ्यावी.