एक रुग्णालय, अनेक क्रमांक

रुग्णालयाची ओळख पटवण्याचे काम गेल्या दशकात नावावरून क्रमांकावर आले. २०१६ मध्ये विमा नियामकाने कंपन्यांच्या नेटवर्कमधल्या रुग्णालयांना ‘रोहिणी’ नोंदवहीत येणे बंधनकारक केले आणि प्रत्येकाला १३ अंकी क्रमांक मिळू लागला. २०१८ मध्ये आयुष्मान भारत योजना आपल्या पॅनेलची नोंदणी घेऊन आली, २०२१ मध्ये आयुष्मान भारत डिजिटल मिशन आरोग्य संस्थांची आणखी एक नोंदवही घेऊन आले. कंपन्यांसाठी दावे हाताळणाऱ्या टीपीएंचे (त्रयस्थ प्रशासकांचे) स्वतःचे कोड होतेच. प्रत्येक नोंदीमागचा हेतू चांगला होता. मात्र एकीतला बदल बाकीच्यांत वेळेवर पोचवण्याची शिस्त तितक्या वेगाने आली नाही, आणि माझ्या मते दावे अडकतात ते तिथे.

सुरतेत हे ठळक दिसते. जून २०२० मध्ये महापालिकेची हद्द वाढली, कनकपूर-कनसाड नगरपालिका शहरात आली आणि त्या भागातल्या दवाखान्यांचा पत्ता जागचा न हलता बदलला. पॉलिसीतल्या व्याख्येप्रमाणे १० लाखांहून कमी वस्तीच्या गावात रुग्णालयाला १० खाटा पुरतात, इतरत्र १५ लागतात. मग १२ खाटांच्या नर्सिंग होमच्या नोंदीत जुना पत्ता आहे की नवा, यावर त्याची पात्रताच ठरू शकते. उधना, लिंबायतमधल्या खानदेशी कामगार कुटुंबाला फलकावरचे नाव ठाऊक असते. बिलावर मात्र रुग्णालय चालवणाऱ्या ट्रस्टचे नाव का छापले आहे, हे त्याने कसे सांगावे?

बोगस रुग्णालये आणि खोटी बिले खरोखर असतात, म्हणून काटेकोर पडताळणी हवीच, हा आक्षेप मला मान्य आहे. पण क्रमांक न जुळणे ही शंका आहे, पुरावा नव्हे. ती रुग्णालयाला विचारून फेडायची असते. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकाने कागद रुग्णालयाकडूनच गोळा करावेत आणि दाव्यांचा आढावा घेणाऱ्या समितीच्या मंजुरीशिवाय दावा नाकारू नये, असे कंपन्यांना बजावले आहे. छोट्या नर्सिंग होमकडे यासाठी माणूस नसतो, हेही खरे. तरी परवाना, बिल आणि रोहिणीतले नाव-पत्ता वर्षातून एकदा ताडून पाहणे त्यांना झेपण्यासारखे आहे.

ठरवून होणाऱ्या शस्त्रक्रियेआधी रुग्णालयाचा रोहिणी क्रमांक मागून घ्या आणि बिलावरचे नाव तेच असेल ना, हे विचारा. तरीही नकार आला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार करा. तिथे दाद लागली नाही, तर सुरतकरांना अहमदाबादच्या विमा लोकपालाकडे वर्षभरात विनाशुल्क तक्रार करता येते.