हृदयाचा जमाखर्च

नाशिककरांची रविवारची सकाळ मिसळीच्या तर्रीवाचून उजाडत नाही, असे म्हटले तर ते फारसे वावगे ठरणार नाही. या तर्रीचे आणि हृदयाचे नाते सांगताना आपण सहसा रक्तवाहिन्यांत साचणाऱ्या कोलेस्टेरॉलपाशी थांबतो. नळ तुंबला की पाणी येत नाही, हे कोणालाही पटते. परंतु अतिस्निग्ध आहाराचा परिणाम नळापुरता मर्यादित नसून तो खुद्द हृदयाच्या इंधनव्यवस्थेवरही होतो, ही गोष्ट क्वचितच चर्चिली जाते.

हृदय दिवसाकाठी सुमारे एक लाख वेळा आकुंचन पावते. पेशींचे ऊर्जाचलन म्हणता येईल असे एटीपी हे द्रव्य त्याच्यापाशी काही सेकंद पुरेल एवढेच शिल्लक असते; ते अखंड घडवावे लागते. म्हणजे हृदयाचा संसार हातावर पोट असणाऱ्याचा आहे. निरोगी हृदय आपली ६० ते ७० टक्के ऊर्जा मेदाम्लांपासून आणि उरलेली ग्लुकोज, लॅक्टेट इत्यादींपासून मिळवते. तेव्हा मेद हा हृदयाचा शत्रू नव्हे. त्याचे खरे सामर्थ्य प्रसंगानुरूप इंधन बदलण्यात आहे.

हे सामर्थ्यच अतिस्निग्ध आहाराने खालावते. मेदाम्लांचे ज्वलन वाढले की ग्लुकोजचा वापर दबतो, हे फिलिप रँडल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली दाखवून दिले. मेदापासून ऊर्जा विपुल मिळते खरी. पण तेवढ्याच ऊर्जेसाठी ग्लुकोजपेक्षा सुमारे दहा टक्के अधिक प्राणवायू खर्ची पडतो. रक्तपुरवठा आधीच अपुरा असेल, तर हा जादा खर्च परवडणारा नसतो. शिवाय जळण्याहून अधिक मेद आत येऊ लागला, की तो स्नायुपेशींत साचून त्यांना अपाय करतो. यातील पुष्कळसा पुरावा प्रयोगशाळेतील उंदरांवरील आहे, हे मान्य केले पाहिजे. तथापि स्थूल माणसांच्या हृदयातही अधिक प्राणवायू आणि कमी कार्यक्षमता असे चित्र आढळले आहे. केवळ कांद्यावर विसंबलेल्या शेतकऱ्याचे भाव कोसळताच जे होते, तेच या एकइंधनी हृदयाचे संकटकाळी होते.

‘मी तर सडपातळ आहे’ हे समाधानही फसवे आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांची तुलना २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक दोघांचाही २२.३, पण शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिकांची २१.२ टक्के! वजनकाटा आपल्याला पुरेसा इशारा देत नाही, हाच याचा अर्थ.

परंतु हा प्रश्न केवळ संयमाचा आहे काय? देश आपल्या गरजेचे अर्ध्याहून अधिक खाद्यतेल आयात करतो आणि त्यात पामतेलाचा वाटा मोठा आहे. पामतेलातील जवळजवळ निम्मी मेदाम्ले संपृक्त असतात. २०२२ च्या दिवाळीत राज्य शासनाने शंभर रुपयांत दिलेल्या शिध्यात रवा, साखर आणि हरभरा डाळ यांच्यासोबत एक लिटर पामतेलही होते. सणाला गोरगरिबाच्या घरी कढई चढावी, हा हेतू चांगलाच होता. पण ज्याला स्वस्तात स्वस्त ऊर्जा तेल-साखरेतूनच मिळते, त्याला मिताहाराचा उपदेश करणे कितपत न्याय्य आहे? खाद्यपदार्थांतील ट्रान्स मेदावर २०२२ पासून दोन टक्क्यांची मर्यादा आली. म्हणजे शासनाने मनावर घेतले तर ताटात बदल घडू शकतो. स्वस्त धान्य दुकानात डाळी व कडधान्ये नियमितपणे आणि परवडणाऱ्या दरात मिळणे, ही पुढची पायरी ठरावी.

तोवर आपण मध्यमवर्गीयांनी निदान घरचा हिशेब तपासावा. वर्षाला माणशी सुमारे १२ किलो तेल पुरेसे मानले जाते. चौघांच्या घरात १५ किलोचा डबा साडेतीन महिन्यांच्या आत संपत असेल, तर घरखर्चाच्या वहीत न दिसणारी एक तूट हृदयाच्या खात्यावर चढत आहे, हे ओळखावे.