अल्माटीच्या शाळेतून मुंबईच्या ऑर्केस्ट्रात

नरिमन पॉइंटला एनसीपीएच्या (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) जमशेद भाभा थिएटरमध्ये सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाचा कार्यक्रम असला, की कान देण्याआधी जरा व्हायोलिनच्या रांगांकडे बघावं. सगळे गज एकदम वर जातात आणि एकदम खाली येतात. हे आपोआप होत नाही. प्रत्येक स्टँडवरच्या कागदावर पेन्सिलीने खुणा केलेल्या असतात: इथे गज ओढायचा, इथे उलटा ढकलायचा. पहिल्या खुर्चीवरचा वादक त्या ठरवतो आणि मागच्या शेवटच्या स्टँडपर्यंत त्या उतरवून घेतल्या जातात. एका स्टँडवर दोघं बसतात. पान उलटायची वेळ आली की आतल्या बाजूचा हात थांबवून पान उलटतो, बाहेरचा वाजवत राहतो, आणि श्रोत्यांना पत्ताही लागत नाही. आमच्या पिंपरी-चिंचवडमधल्या चिखलीत दिंडी पावली खेळायला लागली की सगळे टाळ एका ठोक्याला पडतात, त्यामागे लहानपणापासूनची जी सवय असते, तसलीच ही. ती मुंबईत कुठून आली? बऱ्याच अंशी कझाकस्तानातून!

मरात बिसेनगालिएव हे कझाक व्हायोलिनवादक. जन्म १९६२, अल्माटीचा. पुढचं शिक्षण मॉस्कोच्या चायकोव्स्की कॉन्झर्व्हेटरीत. उरल नदीकाठच्या ओराल शहरात त्यांनी पश्चिम कझाकस्तान फिलहार्मोनिक हा वाद्यवृंद उभा केला. एनसीपीएच्या खुशरू सनटूक यांनी तो लंडनमध्ये ऐकला, आणि त्यातून २००६ मध्ये मुंबईत या दोघांनी सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू केला. सुरुवातीला त्यात भारतीय वादक थोडेच होते. अनेक जण परदेशातून आले, त्यांत कझाक पुष्कळ.

पण कझाकस्तानातच इतके व्हायोलिन आणि पियानो वाजवणारे कुठून आले? तिथलं जुनं वाद्य दोंब्रा, दोन तारांचं. त्यावर वाजवायच्या रचनांना ‘क्युय’ म्हणतात. त्या गुरूकडून शिष्याकडे ऐकूनच जायच्या, कागद नव्हताच. एकोणिसाव्या शतकातला कुरमानगाझी हा त्यातला थोर रचनाकार. मग दुसऱ्या महायुद्धात मॉस्को-लेनिनग्राडचे कलावंत जीव वाचवायला अल्माटीला आले. संगीतकार प्रोकोफिएव १९४२ मध्ये तिथेच राहून आयझेनस्टाइनच्या ‘इव्हान द टेरिबल’ या चित्रपटावर काम करत होता. १९४४ मध्ये, युद्ध चालू असताना, अल्माटीत कॉन्झर्व्हेटरी उघडली, आणि तिला नाव दिलं गेलं कुरमानगाझीचं. जिथे शोपँ आणि बाख यांचं संगीत शिकवलं जायचं, त्या संस्थेवर दोंब्रावादकाचं नाव! मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. पियानोवादक झानिया औबाकिरोवा पुढे सुमारे दोन दशकं या संस्थेच्या प्रमुख होत्या. 

शिकवण्याची पद्धत मात्र सोव्हिएत. सहा-सात वर्षांच्या मुलाचा कान तपासायचा आणि त्याला खास संगीतशाळेत घ्यायचं. गणित-भूगोल तिथेच, वाद्यही तिथेच, दहा-अकरा वर्षं. यातला एक तास मला सगळ्यात विलक्षण वाटतो. शिक्षक पियानोवर एक धून थोड्याच वेळा वाजवतात आणि मुलांनी ती ऐकून स्वरलेखनाच्या पाच रेघांवर लिहून काढायची. वाद्याला हात लावायचा नाही, नुसतं ऐकून लिहायचं. काही वर्षांत मुलाला स्वर अक्षरांसारखे दिसू लागतात. बोटं नंतर तयार होतात, आधी कान तयार होतो.

आपल्याकडेही हे एकदा घडून गेलं आहे. गोव्यात चर्चच्या शाळांमध्ये मुलं स्वरलेखन आणि व्हायोलिन शिकायची. त्या वातावरणातून आलेली माणसं पुढे मुंबईच्या हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत बसली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस त्यांतलेच. लक्ष्मीकांत-प्यारेलालमधल्या प्यारेलालना त्यांनीच व्हायोलिन शिकवलं. मग सिंथेसायझर आले, स्टुडिओतल्या व्हायोलिनच्या रांगा मोडल्या आणि शिकवणारेही कमी होत गेले.

म्हणून एनसीपीएतली संगीत अकादमी मला ऑर्केस्ट्राइतकीच महत्त्वाची वाटते. बिसेनगालिएव यांनी ती २०१२ मध्ये रशियन धर्तीवर सुरू केली. व्हायोलिन, चेलो, पियानो, आणि सोबत तो कान तयार करण्याचा अभ्यास. ऑर्केस्ट्राचेच वादक शिकवतात.

ऑर्केस्ट्राने २०१५ मध्ये झाकीर हुसेन यांच्याकडून ‘पेशकार’ ही तबला आणि ऑर्केस्ट्राची रचना करून घेतली आणि २०१९ मध्ये ती ब्रिटनच्या दौऱ्यावर नेली. तबल्याचा ठेका पाच रेघांच्या कागदावर उतरला आणि त्यावर कझाक गज चालले.

आमच्या चिखलीतही महापालिकेचं संतपीठ आहे, जगद्‌गुरू तुकाराम महाराजांच्या नावाचं. तिथे मुलं नेहमीच्या अभ्यासाबरोबर पखवाज आणि गायन शिकतात. गणिताच्या तासाशेजारी पखवाजाचा तास लागतो, ही अल्माटीचीच रीत आहे. संतपीठात स्वरलेखनाचाही एक तास व्हावा, पखवाज शिकणाऱ्या मुलाने धून ऐकून कागदावर उतरवावी, आणि एखादं पोर पुढे नरिमन पॉइंटच्या त्या रांगेत बसावं, असं मला मनापासून वाटतं.