दगडाला काय विचारायचं?

वरळी कोळीवाड्यातल्या मुलांना किल्ल्याचं काय कौतुक? सुकत घातलेली मासळी, दुरुस्तीला काढलेली जाळी, शाकारलेल्या होड्या ओलांडल्या की आलाच किल्ला! पण एकदा पुरातत्त्व शिकलेल्या एखाद्या ताईला किंवा दादाला बरोबर घेऊन जा. ही मंडळी आल्या आल्या माहिती सांगत नाहीत. आधी प्रश्न विचारतात.

पहिला प्रश्न : किल्ला इथेच का?

तटाशी उभं राहून उत्तरेकडे बघा. समोर माहीमची खाडी, पलीकडे वांद्र्याचं टोक. त्या टोकावर 1640 मध्ये पोर्तुगीजांनी किल्ला बांधला होता. इकडे वरळी म्हणजे तेव्हा चक्क एक बेट होतं, मुंबईच्या सात बेटांपैकी एक. इंग्रजांनी साधारण 1675 च्या सुमारास इथे किल्ला बांधला, माहीमलाही त्यांचा पहारा होताच. आता सांगा, खाडीत शिरणारं गलबत नजरेतून सुटेल का? बघा, जागेनेच उत्तर दिलं!

दुसरा प्रश्न : हा दगड कुठला?

काळा दगड हाताने चाचपून बघा. असल्या दगडात कधी कधी बारीक भोकं दिसतात. ती वायूच्या बुडबुड्यांची. हा बेसॉल्ट, म्हणजे थिजलेला लाव्हा. सहा कोटींहून जास्त वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थर साचत गेले, ताटात घावनावर घावन पडावं तसे. पण दोन थर पडण्यामध्ये मोठा काळ जायचा. तेवढ्यात वरळीत गोड्या पाण्याचं तळं झालं आणि त्यात बेडूक नांदू लागले! इवलेसे, तळहातावर सहज मावतील एवढे. त्यांचे सांगाडे गाळात दबले आणि गाळाचा खडक झाला. एकोणिसाव्या शतकात वरळीला खोदकामात ते सापडले. 1847 मध्ये त्यांचं वर्णन कोणी केलं असेल? ‘डायनोसॉर’ हे नाव ज्यांनी जगाला दिलं, त्या रिचर्ड ओवेन यांनी!

तिसरा प्रश्न : माणसं पाणी कुठून आणत होती?

हा प्रश्न घेऊन थेट मेक्सिकोला जाऊ. तिथल्या युकातान भागात प्राचीन माया लोकांची नगरं आहेत. जगभरची माणसं तज्ज्ञांबरोबर ती बघायला जातात. चिचेन इत्झाच्या पिरॅमिडपाशी तज्ज्ञ म्हणतात, पायऱ्यांचा हिशोब करा. चार बाजू, प्रत्येकी 91 पायऱ्या, वर माथ्याची एक. करा बेरीज! 365, म्हणजे वर्षाचे दिवस.

आणि पाणी? तिथे जमिनीवर नद्या जवळजवळ नाहीतच. चुनखडक खचून झालेल्या खोल डोहांवर माया लोकांची तहान भागायची. यातल्या काही डोहांची नकाशावर चक्क एक कमान दिसते. 6.6 कोटी वर्षांपूर्वी तिथे एक प्रचंड अशनी आदळला. त्याने पडलेल्या विवराच्या कडेकडेने हे डोह आहेत. त्याच आघाताच्या आगेमागे आपल्याकडे लाव्हा वाहत होता. वरळीच्या बेडकांचा काळही त्याच्या आसपासचाच!

हे सगळं शिकायला विमानाचं तिकीट लागत नाही. मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण विभागात पुरातत्त्वाचे अभ्यासक्रम चालतात. मुंबईत वारसा फेऱ्याही निघतात. शाळेतल्या बाईंना सांगून एक फेरी वरळीला काढायला लावा.

आणि हो, 1931 मध्ये परळला रस्त्याच्या कामात एक भलीमोठी, अप्रतिम शिवमूर्ती सापडली. तुम्हालाही कधी कोरीव दगड दिसला, तर उचलून घरी आणू नका. दगड जागचा हलला की त्याची निम्मी माहिती हरवते. शेजारी पट्टी ठेवून फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि जाणकाराला कळवा.