पिलस कसा बांधला जातो आणि कशासाठी?

मूत्राशयात शिरलेला ई. कोलाय जिवाणू लघवीबरोबर वाहून का जात नाही? कारण त्याच्या अंगावर केसांसारखे पिलाय असतात. त्यांपैकी ‘टाइप १ पिलस’ची बांधणी पाहू.

पिलसचे प्रथिन-घटक आतल्या पटलातून पेरिप्लाझममध्ये, म्हणजे दोन पटलांमधल्या जागेत येतात. प्रत्येक घटकाच्या घडीत एक पट्टी कमी असते, त्यामुळे तो एकटा टिकत नाही. फिम-सी हे सहायक प्रथिन आपली पट्टी उसनी देऊन त्याला सांभाळते. बाहेरच्या पटलात फिम-डी हे दार आहे. तिथे पुढचा घटक आपली पट्टी त्या खाचेत बसवतो आणि फिम-सी मोकळे होते. लक्षात ठेवा, या जोडणीला एटीपी लागत नाही. घटक अधिक स्थिर होताना मिळणारी ऊर्जा पुरते.

फिम-एच सर्वांत आधी बाहेर पडते, म्हणून ते टोकाला राहते. मागून येणारे फिम-एचे शेकडो घटक मळसूत्रासारखे गुंडाळून दांडा बनवतात. फिम-एच मूत्राशयाच्या पेशींवरील मॅनोज शर्करा पकडते. प्रवाहाचा ताण वाढला की दांडा स्प्रिंगसारखा उलगडतो आणि टोकाची पकड उलट घट्ट होते.

उपचाराची संधी इथेच आहे. मॅनोजसारखा रेणू फिम-एचमध्ये अडकवला, तर जिवाणू न चिकटता धुऊन जाईल. अशा रेणूंवर संशोधन झाले आहे. यात जिवाणू मारला जात नाही, म्हणून प्रतिजैविकांच्या तुलनेत प्रतिरोध कमी वाढेल अशी अपेक्षा आहे.

विचार करा: फिम-सी नसेल, तर बांधणी कोणत्या पायरीवर थांबेल?