पिसं झडली म्हणून कोंबडी बाजारात नेऊ नका

दिवाळीच्या आगेमागे शेवगाव तालुक्यातल्या वाड्यावस्त्यांवर अंगणभर पिसं उडायला लागतात. काल-परवापर्यंत नेमानं अंडी देणारी कोंबडी उघड्या मानेनं, गळलेल्या शेपटीनं कोपरा धरून उभी असते. खुराडं रिकामं. मग घरात ठरतं की हिच्यात आता काही राहिलं नाही, येत्या बाजारी काढून टाकू. हा निर्णय बहुतेक वेळा चुकतो.

पीस म्हणजे जवळजवळ निव्वळ प्रथिन. अंड्यालाही प्रथिन लागतं, एका अंड्यात साधारण सहा ग्रॅम. अंगावरचा सगळा पिसारा नव्यानं उभा करायचा आणि वर अंडंही द्यायचं, हे शरीराला झेपत नाही. म्हणून अंडाशय विश्रांती घेतं. पिसं आधी डोक्याची आणि मानेची जातात, मग छाती-पाठीची, शेवटी पंख आणि शेपटीची. पहिली मोठी झड साधारण दीड वर्षाच्या सुमाराला येते आणि दोन-तीन महिने चालते.

यातली खरी मेख वेगळीच आहे. जी कोंबडी लवकर, पावसाळ्यातच पिसं टाकायला लागते आणि रेंगाळत टाकते, ती सहसा कमी अंडी देणारी असते. जी थंडी तोंडावर येईपर्यंत अंडी देत राहते आणि मग एकदम बोडकी होते, ती कळपातली सगळ्यांत गुणाची. दिसायला तीच सगळ्यांत केविलवाणी, म्हणून बाजारात पहिला नंबर तिचा लागतो. दावणीची दुभती गाय भाकड काळात कुणी विकत नाही. कोंबडीच्या बाबतीत मात्र आपण नेमकं तेच करतो.

आजारी आणि झडीतली कोंबडी ओळखणं अवघड नाही. झडीतलीचा तुरा फिका पडून आक्रसतो, पण डोळे तरतरीत असतात आणि दाणे टाकले की ती धावत येते. मान टाकून बसली, हिरवट-पांढरं हगायला लागली, तर मात्र मानमोडीची शंका घ्यावी आणि पशुवैद्यकाला गाठावं. अंडी चालू आहेत का, हे बोटांनी कळतं. संध्याकाळी कोंबडी हलकेच उचलून मागच्या बाजूची दोन टोकदार हाडं चाचपावीत. मध्ये दोन-तीन बोटं मावली तर अंडी चालू. जेमतेम एक मावलं तर बंद. पण नवी पिसं निळसर नळ्यांसारखी वर येत असताना हात जपून लावा. त्या नळ्यांत रक्त असतं आणि दाबल्या की कोंबडीला दुखतं.

आता दिवसाच्या लांबीबद्दल. उजेड कोंबडीच्या नुसत्या डोळ्यांना नाही, कवटीतून थेट मेंदूलाही जाणवतो. तिथून निघालेली संप्रेरकं अंडाशयाला जागं ठेवतात. भरपूर अंडी हवी असतील तर दिवसाला चौदा ते सोळा तास उजेड लागतो. डिसेंबरात शेवगावला दिवस जेमतेम अकरा तासांचा, जूनमध्ये सव्वातेरा तासांच्या वर. लंडनला हिवाळ्यात आठ तासांचाही दिवस मिळत नाही. म्हणून परदेशी पुस्तकांत दिव्यांवर पानंच्या पानं खर्ची पडलेली असतात. आपल्याकडे फरक एवढा मोठा नाही. गावरान कोंबडीची अंडी थांबतात ती उजेड कमी पडण्यापेक्षा खुडूक बसण्यानं आणि पिल्लं सांभाळण्यानं. दिव्याचा खरा फायदा ग्रामप्रियासारख्या सुधारित जातीला होतो.

दिवा लावायचा तर पहाटे लावा. संध्याकाळी अचानक वीज गेली की कोंबड्या अंधारात जिथल्या तिथे अडकतात, दांडीवर चढत नाहीत आणि मांजर-मुंगसाचं फावतं. खुराड्यात वर्तमानपत्र वाचता येईल एवढा पिवळसर उजेड पुरे. आठवड्याला पंधरा-वीस मिनिटांनी वाढवत न्या आणि वेळ मोडू नका. एक दिवस दिवा, चार दिवस अंधार, यानं उलट नवी झड सुरू होते. भारनियमनाचा भरवसा नसेल तर छोटा सौरदिवा बरा. पण ऐन झडीत दिवा लावून कोंबडीच्या मागे लागू नये. तिला पिसारा पुरा करू द्यावा, उजेड नंतर.

झडीत खरं काम खाद्याचं. एरवी मका-बाजरीवर भागतं, आता भागत नाही. सुकटीचा चुरा, शेंगदाणा किंवा सोयाबीन पेंड, अझोला, वाळवलेला शेवग्याचा पाला, जे घरात असेल ते रोज थोडं द्यावं. आपल्याकडे कपाशी उदंड, त्यामुळे गोठ्यातली सरकी पेंड कोंबड्यांपुढे टाकायचा मोह होतो. तो आवरा. सरकीतल्या गॉसिपॉलमुळे साठवलेल्या अंड्याचा बलक हिरवट-तपकिरी पडतो. अंडी पुन्हा सुरू झाली की शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा. एका कवचाला दोन ग्रॅमच्या आसपास कॅल्शियम लागतं आणि कोंबडी आपल्या गरजेइतकंच टिपते.

खुडूक कोंबडीच्या नाकात पीस खुपसणं, तिला पाण्यात बुडवणं हे प्रकार बंद व्हायला हवेत. खालून वारा लागेल अशा जाळीच्या पिंजऱ्यात, दाणापाणी देऊन, तीन-चार दिवस ठेवली की बहुतेक कोंबड्या खुडूकपणा सोडतात.

तरीही थंडीत घरची अंडी हवीतच असतील, तर माझं मत एकच: जुन्या कोंबडीला दामटू नका, दरवर्षी फेब्रुवारी-मार्चमध्ये थोडी पिल्लं आणा. पाच-सहा महिन्यांत त्या तलंगा अंड्यावर येतात आणि पहिला हिवाळा सहसा मोठ्या झडीशिवाय काढतात. जुन्या विसावल्या तरी टोपली रिकामी राहत नाही. मात्र तलंगा अंड्यावर यायच्या आधी त्यांच्यावर जादा दिवा लावू नये. अंग भरण्याआधी अंडी सुरू झाली तर ती बारीक येतात आणि कोंबडीलाही त्रास होतो. पिल्लांसाठी तालुक्यातच दहिगाव-ने इथल्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करावी, नाहीतर छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्यात खडकीला शासनाचं अंडी उबवणी केंद्र आहे. मागणी आधी नोंदवावी लागते, तेव्हा संक्रांतीच्या आधीच फोन करा. आणि पिल्लं घरी आली की पहिल्या आठवड्यातच मानमोडीची लस द्या.