संग्रहालयात जाताय? आधी चिठ्ठी वाचा!

मुलांना घेऊन संग्रहालयात गेलात की प्राण्यांच्या दालनात पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हा खरा आहे का?" आपण घाईघाईत "हो, खराच आहे" म्हणतो आणि पुढच्या काचेकडे वळतो. पंधरा मिनिटांत दालन संपते. फोनमध्ये वीस फोटो जमा होतात आणि घरी आल्यावर त्यातला कुठला फोटो कशाचा, हे कुणालाच आठवत नाही.

पण मुलांचा तो प्रश्न मोठा छान आहे. फक्त तो तिथेच थांबू द्यायचा नाही. प्राणी खरा आहे, तर तो कुठून आला? कधी आला? कुणी आणला? या तीन प्रश्नांची उत्तरे काचेखालच्या छोट्याशा चिठ्ठीवर असतात. ती चिठ्ठी इतकी महत्त्वाची का, हे समजून घ्यायला आमच्या रायपूरचे महंत घासीदास स्मारक संग्रहालय ही अगदी योग्य जागा आहे.

दीडशे वर्षांचा वारसा

हे संग्रहालय देशातल्या जुन्या संग्रहालयांपैकी एक. नांदगाव संस्थानाचे, म्हणजे आजच्या राजनांदगावचे, राजे महंत घासीदास यांनी ते 1875 मध्ये सुरू केले. सतनामी पंथाचे गुरू घासीदास वेगळे. नावाच्या सारखेपणामुळे बाहेरगावच्या पाहुण्यांचा नेहमी गोंधळ होतो, म्हणून आधीच सांगितलेले बरे. संग्रहालयाची पहिली अष्टकोनी इमारत आजही शहरात उभी आहे. तिला महाकोशल कला वीथिका म्हणतात. पुढे राणी ज्योतिदेवी आणि त्यांचे पुत्र राजा दिग्विजय दास यांच्या मदतीने नवी इमारत झाली. तिचे उद्घाटन 1953 मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले.

मराठी वाचकांना यात एक ओळखीचा धागा सापडेल. नागपूरचा 'अजब बंगला', म्हणजे तिथले मध्यवर्ती संग्रहालय, 1863 चे. 1956 पर्यंत रायपूरची राजधानीही नागपूरच होती. त्यामुळे इथल्या जुन्या मराठी घरांत दोन्ही ठिकाणांच्या आठवणी निघतात.

रायपूरच्या संग्रहालयात सिरपूरच्या कांस्यमूर्ती आहेत, शिलालेख आहेत, शस्त्रे आहेत, आदिवासी जीवनाचे दालन आहे. आणि मुलांचे पाय जिथे हमखास थांबतात, ते प्राणी, पक्षी आणि सापांचे दालनही आहे.

खरा म्हणजे किती खरा?

काचेमागचा भुसा भरलेला प्राणी अर्धा खरा असतो. कातडी, केस, पिसे खरी. डोळे मात्र काचेचे. आत तार, लाकूड, गवत किंवा प्लास्टरचा सांगाडा असतो. कातडे टिकावे, त्याला कीड लागू नये, म्हणून पूर्वी त्याला आर्सेनिक असलेला साबण चोळत. म्हणजे "हात लावू नका" ही पाटी प्राण्याच्या भल्यासाठी आहे, तशीच आपल्याही भल्यासाठी आहे.

बऱ्याच संग्रहालयांतले असे नमुने शिकारीच्या जमान्यातले आहेत. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर आपल्याकडे तो काळ संपला. तेव्हा मुलांनी "याला मारलं का?" असे विचारले, तर विषय बदलू नका. बहुतेक वेळा उत्तर "हो" असेच असते. मग पुढचा प्रश्न येतो की मारलेल्या प्राण्याला जपून काय मिळाले? त्याचे उत्तर पुढच्या तीन गोष्टींत आहे.

कोरियाचे तीन चित्ते

पहिली गोष्ट छत्तीसगडचीच. राज्याच्या उत्तरेला कोरिया जिल्हा आहे. तिथले तेव्हाचे महाराजा रामानुज प्रताप सिंह देव यांनी 1947 मध्ये एका रात्री तीन चित्ते मारले. भारतातले हे शेवटचे चित्ते मानले जातात. 1952 मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले.

हे आपल्याला कळले कसे? मुंबईची बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी 1883 पासून अशा नोंदी जमवते आहे. तिच्या नियतकालिकात या शिकारीची माहिती आणि फोटो छापून आला. जमिनीवर तीन चित्ते आणि मागे बंदूक घेतलेले महाराजा. ही नोंद नसती, तर चित्ता आपल्याकडे शेवटचा कुठे होता, यावर आजही नुसत्या गप्पाच झाल्या असत्या.

17 सप्टेंबर 2022 रोजी नामिबियातून आठ चित्ते मध्य प्रदेशातील कुनोमध्ये आले. हे आफ्रिकी चित्ते आहेत. आपले आशियाई चित्ते आता फक्त इराणमध्ये, तेही मोजकेच उरले आहेत.

जाता जाता मुलांना एक खूण शिकवा. चित्त्याच्या डोळ्यापासून तोंडापर्यंत अश्रू ओघळल्यासारखी काळी रेघ असते आणि अंगावर भरीव ठिपके असतात. बिबट्याला ती रेघ नसते आणि त्याचे ठिपके फुलासारखे, मध्ये मोकळे असतात. पुढच्या वेळी घरातले कुणी फोटोतल्या बिबट्याला चित्ता म्हणाले, तर मुलेच त्यांना सांगतील.

अंड्यांनी दिलेली साक्ष

दुसरी गोष्ट ब्रिटनची. तिथे पूर्वी पक्ष्यांची अंडी जमवण्याचा छंद होता. आज आपल्याला तो क्रूर वाटेल. पण ते लोक प्रत्येक अंड्यासोबत तारीख आणि जागा लिहून ठेवत. पुढे तिथले बहिरी ससाणे झपाट्याने कमी होऊ लागले. घरट्यात अंडी फुटत होती. डेरेक रॅटक्लिफ या शास्त्रज्ञाने संग्रहांतली जुनी अंडी काढून कवचांची तुलना केली. 1947 च्या सुमारास कवचे अचानक पातळ होऊ लागली होती. डीडीटीसारखी कीटकनाशके तेव्हाच सर्वत्र वापरात आली होती. हे संशोधन 1967 मध्ये प्रसिद्ध झाले आणि डीडीटीविरुद्धचा तो मोठा पुरावा ठरला.

आता विचार करा, त्या अंड्यांवर तारीख नसती तर? तीच अंडी, तितकीच खरी, पण शास्त्रज्ञाला त्यांचा काहीच उपयोग झाला नसता.

तलावातून निघालेला खांब

तिसरी गोष्ट पाहायला पुन्हा आमच्या संग्रहालयात या. इथे किरारीचा लाकडी खांब आहे. हा प्राणी नाही, पण एके काळी झाडच होता, म्हणून या सहलीत त्याचा मान आहे.

1921 मध्ये तेव्हाच्या बिलासपूर जिल्ह्यातील किरारी गावात हीराबांध नावाचा तलाव आटला. गाळ काढताना गावकऱ्यांना हा खांब सापडला. त्यावर ब्राह्मी अक्षरे कोरलेली होती. तो सुमारे 1800 वर्षांपूर्वीचा मानला जातो. लाकूड इतकी वर्षे टिकले, कारण चिखलात आणि पाण्याखाली हवा पोहोचत नाही आणि हवेशिवाय लाकूड सहजी कुजत नाही.

पण खांब बाहेर काढून उन्हात ठेवला आणि लाकूड वाळून त्याचे पापुद्रे सुटू लागले. त्यांच्याबरोबर अक्षरेही गळू लागली. गावातले पंडित लक्ष्मीप्रसाद उपाध्याय यांनी तेव्हा एक साधे काम केले. दिसत होती तितकी अक्षरे त्यांनी जशीच्या तशी कागदावर उतरवून घेतली. त्या नकलेमुळे तो लेख आज वाचता येतो. त्यात राजाच्या पराक्रमाचे वर्णन नाही, कामावरच्या माणसांचे हुद्दे आहेत. सेनापती, नगररक्षक, हत्तीस्वार, घोडेस्वार, कोठाराचा अधिकारी, मुदपाकखान्याचा प्रमुख, पत्रे पोहोचवणारा. म्हणजे त्या काळच्या सरकारी कचेरीचा हजेरीपटच म्हणा ना!

वेळेवर कुणीतरी लिहून ठेवले, म्हणून ते आपल्यापर्यंत आले. तिन्ही गोष्टींचे सार एवढेच आहे.

आणि जे उरत नाही

संग्रह कायमचा असतो, असेही नाही. दिल्लीचे राष्ट्रीय प्राकृतिक इतिहास संग्रहालय 26 एप्रिल 2016 च्या पहाटे आगीत जळाले. 1978 पासून शाळेच्या कितीतरी सहली तिथे जाऊन आल्या होत्या. एकदा जळालेला नमुना पुन्हा विकत आणता येत नाही. त्या दिवशी, त्या जागी मिळालेला तो एकच असतो.

म्हणून आज आपल्या आसपास जे जिवंत आहे, त्याची नोंद आजच व्हायला हवी. छत्तीसगडचा राज्यप्राणी रानम्हैस, इथल्या हिंदीत वनभैंसा. मध्य भारतात त्या आता अगदी थोड्या उरल्या आहेत. उदंती-सीतानदी आणि इंद्रावती भागात त्यांचे नाव निघते, तसेच महाराष्ट्राच्या बाजूला गडचिरोलीतील कोलामार्कात. राज्यपक्षी पहाडी मैना बस्तरची. आपल्या मुलांच्या मुलांना हे दोघे रानात भेटणार की फक्त काचेमागे, हे अजून ठरायचे आहे.

सहल अशी करा

* सगळे पाहायचा हट्ट नको. प्रत्येकाने फक्त तीन नमुने निवडायचे. एक प्राणी, एक पक्षी आणि एक आपल्या आवडीचा.
* फोटो आधी चिठ्ठीचा, मग नमुन्याचा. फोटो काढायची परवानगी आहे ना, ते आधी विचारा. फ्लॅश बंद ठेवा.
* चिठ्ठीवर काय नाही, तेही पाहा. नाव आहे पण गाव नाही? गाव आहे पण साल नाही? तिथल्या कर्मचाऱ्यांना जरूर विचारा. कुणी आपुलकीने विचारले की त्यांनाही आनंद होतो.
* आजी-आजोबांना सोबत न्या. "हा आमच्या शेतात यायचा" असे एखादे वाक्य चिठ्ठीवर मिळत नाही. ते वहीत लिहून घ्या, गावाच्या नावासकट.
* दोन तास पुरेत. पाय दुखले की आवारातल्या गढ कलेव्यात बसा. आपल्या धिरड्यासारखा चीला, तांदळाच्या पिठाचा फरा मुलांना आवडेल.
* वार तपासा. सरकारी संग्रहालये बहुधा सोमवारी बंद असतात. निघण्याआधी खात्री करून घ्या.

रायपूर लांब पडत असेल, तर नागपूरचा अजब बंगला किंवा मुंबईचे छत्रपती शिवाजी महाराज वस्तु संग्रहालय आहेच. मुंबईच्या याच संग्रहालयात 1926 मध्ये एक तरुण, लोकांना निसर्ग विभाग समजावून सांगण्याच्या नोकरीला लागला होता. त्याचे नाव सलीम अली. लहानपणी त्याने पिवळ्या गळ्याची एक चिमणी मारली. ही कुठली, असा प्रश्न पडला म्हणून तो ती घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. तिथल्या मिलार्डसाहेबांनी त्याला हाकलले नाही. पक्ष्यांनी भरलेले खण उघडून दाखवले. भारताला पक्षितज्ज्ञ मिळाला तो तिथे.

घरी परतल्यावर एक रिकामा खोका घ्या. त्यात मुलांना सापडलेली सालाची बी, तेंदूचे पान, नदीकाठचा गोटा ठेवा. प्रत्येकाखाली कागदाचा तुकडा, त्यावर तीनच गोष्टी : काय, कुठे, कधी. अक्षर वाकडेतिकडे असले तरी चालेल. फक्त तारीख विसरू देऊ नका.